भिंतीची पांढरी दाढी

अंगणाची भिंत उघड्या विटांची राहील, तिला गिलावा होणार नाही, हा निर्णय माझा होता, आणि आमच्या घरात निर्णय एकदाच घेतले जातात. विहीणबाईंनी, म्हणजे सूनबाईंच्या मातोश्रींनी, तेव्हाच नाक मुरडले होते. "उघडी भिंत म्हणजे पाहुण्यांपुढे बनियनवर येण्यासारखं," असे म्हणून त्यांनी भिंतीलगत मातीचा उंच वाफा रचला आणि स्वहस्ते गुलाब लावले. "निदान तेवढं तरी झाकेल." मी त्या गुलाबांना रोज भरपूर पाणी घालत आले. भेट आलेली वस्तू वाळू देणे माझ्या रक्तात नाही.

विहीणबाई पुन्हा यायच्या होत्या, आणि नेमक्या त्याच सुमारास भिंतीला दाढी फुटली. कमरेइतकी उंच, पांढरी, पिठासारखी. चिरंजीवांनी बोट फिरवून ते जिभेला लावले. चाळिशीच्या माणसाने भिंत चाखू नये, पण तो पहिल्यापासूनच तसा आहे.

"खारट आहे. लोणा लागलाय, आई. गिलावेवाल्याला बोलावून टाकतो. सासूबाई यायच्या आत झाकलेलं बरं."

"खबरदार," मी म्हणाले.

धुऊन जात नाही असा डाग माझ्या पाहण्यात नव्हता. बादल्या आल्या, नळी आली, सारे घर भिंतीला न्हाऊ घालू लागले. संध्याकाळी ती लालबुंद दिसत होती. वाळली, आणि दाढी परत आली, या खेपेस मिशांसह. पुन्हा धुतली. आता कल्लेही आले.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "मीठ पाण्यात विरघळतं, विटेत शिरतं आणि वाळताना परत बाहेर येतं. आपण धूत नाही, मुरवतोय. कोरडंच घासायला हवं."

सूनबाईंचे म्हणणे योग्य असले की मी ते आज्ञेच्या स्वरूपात जाहीर करते. "यापुढे भिंतीला पाण्याचा थेंब लागता कामा नये," मी बजावले. "कोरडे घासा."

तर मी डोक्याला फडके गुंडाळून, राठ केसांचा ब्रश घेऊन स्टुलावर उभी असताना विहीणबाई एक दिवस आधीच दारात.

"भिंतीला पावडर लावताय का विहीणबाई?"

"काढतेय."

"तरी मी म्हणत होते, गिलावा करा."

"आधी हात चालवा, मग तोंड."

आव्हान नाकारतील तर त्या विहीणबाई कसल्या. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि दुसरा ब्रश उचलला. मी डावीकडून, त्या उजवीकडून. अंगणात धुके पसरले. चिरंजीव सुपली घेऊन आमच्यामागे पडणारी पूड गोळा करत धावत होते, कारण ती तिथेच राहिली तर ओलीबरोबर पुन्हा भिंतीत जाणार.

"तुमचे फडक्याबाहेरचे केस पांढरे झाले," विहीणबाई म्हणाल्या.

"ते आधीपासूनच आहेत."

"असं होय. मला वाटायचं कलप लावता."

"तुम्हाला बरोबर वाटायचं."

यावर आम्ही दोघी एकदमच शिंकलो.

तेवढ्यात सूनबाई वाफ्याशी बसून खुरप्याने माती ओढू लागली. लोणा फक्त वाफ्याच्या वरच होता. पलीकडची भिंत स्वच्छ होती. मातीखालून विटांमधली काळी रेघ उघडी पडली.

"आई," ती म्हणाली. आम्ही दोघी वळलो. "जमिनीची ओल वर चढू नये म्हणून हा डांबराचा थर घातलेला असतो. वाफा त्याच्याही वर गेलाय. रोजचं पाणी थेट विटांत."

वाफा कोणी रचला हे गुलाबांनाही ठाऊक होते. माझ्या जिभेवर एक अप्रतिम वाक्य तयार होते.

"बोला," विहीणबाई म्हणाल्या. "दाबून धरलंत तर तुम्हालाही लोणा फुटेल."

मी तोंड उघडले आणि निघाले ते हसू. त्यांच्या भुवया पांढऱ्या, नाकाचा शेंडा पांढरा, आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचा आव. त्याही हसू लागल्या. मी स्टुलावरून उतरले की घसरले, ते सांगता येणार नाही, पण आम्ही दोघी वाफ्यात बसलो होतो एवढे खरे. मग बसल्या बसल्याच आम्ही माती मागे लोटू लागलो. गुलाब अंगणाच्या मधोमध न्यायचे ठरले.

चिरंजीव सुपली घेऊन उभेच होते. "मग गिलावेवाल्याला काय सांगू? बोलावू ना?"

विहीणबाईंनी मातीतून मान वर केली.

"खबरदार," त्या म्हणाल्या.