खालच्या ‘ला’ची किंमत

“किंमत काय लिहू, इडवालकाका?”

मी दुसऱ्यांदा विचारलं. खिडकीच्या पलीकडे ते टोपी हातात धरून उभे होते. काचेखालच्या फटीतून त्यांनी तंबाखूची चपटी डबी माझ्याकडे सरकवली होती. तंबाखू सोडून त्यांना तीस वर्षं झाली, डब्या मात्र अजून संपत नाहीत. आत कापसात गुंडाळलेला, बोटाएवढा, पितळेचा एक सूर होता. वर पत्ता समुद्रापलीकडच्या फ्रीसलंडचा.

“थांब जरा,” ते म्हणाले. “विचार करतोय.”

आमचं पोस्ट म्हणजे वाण्याच्या दुकानातला एक कोपरा. त्यामुळे रांगेत पाव-लोणी घेतलेली माणसंही असतात. मागे बेटी विन खोळंबली होती.

“विचार बाकावर बसून कर की, इडवाल. लोणी वितळतंय माझं.”

“मार्चमध्ये लोणी वितळत नाही, बेटी.”

“माझ्या हातात वितळतं. नवऱ्याला विचार.”

एरवी यावर काका काहीतरी बोलले असते. त्या दिवशी ते बाजूला झाले, बेटीला पुढे जाऊ दिलं, आणि फॉर्मकडे बघत उभे राहिले.

आमच्या गावात माणसाच्या नावाला त्याचं काम चिकटतं. मी मेनीर पोस्ट. इडवाल प्रिचर्ड चाळीस वर्षं बसच्या आगारात मेकॅनिक होते, पण त्यांना इडवाल बस कोणी म्हटलं नाही. ते इडवाल पेटी. डोंगरातली लहान लहान चॅपेलं एकामागून एक बंद होत गेली, तशा त्यांतल्या पायपेट्या बेवारस व्हायला लागल्या. लोक त्यांची शेल्फं करतात, एकाने तर कोंबड्यांचं खुराडं केलं. काका त्या आपल्या शेडमध्ये आणायचे, भाता शिवायचे, सूर घासायचे आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकायचे. आमच्या गावच्या रेहोबोथ चॅपेलातली पेटीही त्यांनीच तीनदा उघडून बसवलेली.

पितळेची ती जीभ, जिच्यावरून वारा गेला की पेटी बोलते, तिला काका सूरच म्हणायचे. “सूर तुटला” म्हणजे खरोखरच तुटला, हातात दोन तुकडे घेऊन दाखवायचे. या पेट्या बनवणारे कारखाने कधीच बंद पडले. तुटलेल्या सुराच्या जागी सूर हवा असेल तर दुसऱ्या कोणत्यातरी मेलेल्या पेटीतूनच काढावा लागतो. त्यासाठी सीत्से होते.

सीत्से तिकडे फ्रीसलंडमध्ये कालव्यावरचा पूल उघडायचं आणि मिटायचं काम करायचे. पेट्यांचा नाद त्यांनाही तसाच. हौशी लोकांच्या मासिकातल्या एका जाहिरातीवरून ओळख झाली, आणि मग सत्तावीस वर्षं या दोघांची पार्सलं माझ्या खिडकीतून जात-येत राहिली. सूर, बकरीचं कातडं, लोकरीच्या चकत्या. पैशाचा संबंध कधीच नव्हता. सीत्सेंच्या आईची पेटी आणि आमच्या रेहोबोथची पेटी एकाच कारखान्यातल्या, एकाच घडणीच्या. “जुळ्या बहिणी,” काका म्हणायचे, “एक समुद्राच्या पलीकडे दिलेली.”

सीत्से एकदाच इथे आले, अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात. रविवारी काका त्यांना चॅपेलात घेऊन आले. व्यासपीठावर आमचे पाद्री एलिस पॅरी होते, तेव्हा ऐन भरात. प्रवचनाचा पहिला अर्धा भाग ते साधं बोलतात, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मग कुठेतरी एखाद्या शब्दावर आवाज लांबतो, एक पायरी चढतो, आणि तुमच्या लक्षात येण्याआधी बोलणं गाणं झालेलं असतं. याला आमच्यात हुइल म्हणतात. शिडालाही आम्ही हाच शब्द वापरतो. मी लहानपणापासून कितीतरी प्रवचनं ऐकली, अर्थ बऱ्याचदा विसरले, पण ती शिडं भरण्याची घटका एकही विसरले नाही. देव मला कधी भेटला असेल तर तिथेच.

सीत्सेंना आमच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. ते ढसढसा रडले. बाहेर आल्यावर त्यांनी काकांना विचारलं, “कुणाबद्दल सांगत होते?”

“विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईबद्दल.”

“मला वाटलं, माझ्या आईबद्दल,” सीत्से म्हणाले.

मग आपला देश युरोपातून बाहेर पडला आणि माझ्या खिडकीवर फॉर्म आला. आत काय आहे, वजन किती, विकत की भेट, किंमत काय. खाली सही. पहिल्याच वेळी काका सुरांचं अख्खं सप्तक पाठवत होते.

“भेट लिहा, पाच पौंड लिहा,” मी म्हटलं. “सगळे तसंच लिहितात.”

“सगळे कोण?”

“सगळे म्हणजे सगळे. बेटीची बहीण स्पेनला स्वेटर पाठवते, दोन पौंड लिहिते.”

“बेटीच्या बहिणीचे स्वेटर मी पाहिलेत. ती बरोबर लिहिते.” त्यांनी पेन उचललं. “हे लिलावात ऐंशीला जातं. ऐंशी.”

काका रेहोबोथच्या कारभारी मंडळींतले. व्यासपीठाच्या खाली जो मोठा बाक असतो, मंडळीकडे तोंड करून, त्यावर बसणारे. रविवारच्या शाळेत खोटं बोलू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे मी फॉर्मवर शिक्का मारला.

तिकडे सीत्सेंना दारात कर भरावा लागला, वर हाताळणीचे वेगळे. त्यांचं पत्र आलं: “मित्रा, तू खरं बोलतोस आणि दंड मी भरतो. पुढच्या वेळी थोडं कमी खरं बोल.” आणि त्यांनी उलट पाठवलेल्या पार्सलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: जुनं पितळ, एक युरो.

काकांना एक पैसा भरावा लागला नाही. त्याचाच त्यांना त्रास झाला. दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले. खऱ्या किमतीवर कर किती झाला असता ते मांडलेलं. “हे कुठे भरायचे?” मी कस्टम्सच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने मला तीनदा विचारलं की या गृहस्थांची तक्रार नेमकी काय आहे. तक्रार नाही, त्यांना पैसे द्यायचेत, असं सांगितल्यावर तिने फोन दुसरीकडे जोडला आणि तो तिथेच कुठेतरी वाजत राहिला. शेवटी काकांनी ते पैसे चॅपेलच्या गरिबांच्या पेटीत टाकले, आणि पुढच्या मंगळवारी मला म्हणाले, “सरकारचे देवाला दिले. तेही काही बरोबर झालं नाही.”

त्यानंतर त्यांनी सीत्सेंना लिहिलं की आता काही पाठवू नकोस, मीही पाठवत नाही. माझ्यामुळे तुला खर्च नको, तुझ्यामुळे मला खोटं नको. भांडण असं नव्हतंच. नाताळची कार्डं येत राहिली. पण मंगळवारी काका खिडकीशी यायचे, तिकीट नको असलं तरी यायचे, आणि माझ्या मागच्या पार्सलांच्या फळीकडे बघायचे.

“काही नाही ना?”

“नाही, काका.”

“असणारही नाही. मीच सांगितलंय.” आणि तरी थोडा वेळ उभे राहायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग जानेवारीत वित्स्केचं, सीत्सेंच्या मुलीचं पत्र आलं. वडिलांची उजवी बाजू गेली आहे, इस्पितळातून ये-जा चालू आहे. एक एप्रिलला त्यांना वृद्धाश्रमात हलवणार, तिथे पेटी नेता येणार नाही. आजीच्या पेटीतला खालचा ‘ला’ तुटला आहे. ती पुरी वाजलेली त्यांना एकदा ऐकायची आहे. ते तोंडाने सांगू शकत नाहीत, पण त्या पट्टीवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहतात, असं तिने लिहिलं होतं.

आमच्याकडे लहानपणी भिंतीवरच्या तक्त्यावरून डो-रे-मी-फा-सो-ला शिकवतात, त्यामुळे ‘ला’चं महत्त्व कुणाला समजावावं लागत नाही. उदास चालीचं गीत कुठेही फिरून आलं तरी शेवटी खालच्या ‘ला’वर येऊन टेकतं. तोच नसेल तर चाल घरी पोचत नाही.

काकांकडे शेडमध्ये तसा एक सूर होता. त्यांनी पाठवला. किंमत साठ लिहिली, कारण खालचा सूर सुटा मिळतच नाही, त्याची तेवढी होती. “त्याचा कर मी इथेच भरला तर?” त्यांनी विचारलं. आमच्या खिडकीवर तशी सोय नव्हती. तिकडे पार्सल करासाठी अडलं. कर भरायच्या सूचनेचं कार्ड दाराखालून टाकलेलं, वर्तमानपत्रांच्या ढिगात गेलं, वित्स्के तेव्हा इस्पितळातच होती. मुदत संपली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डबी माझ्याकडे परत आली, एक कोपरा दबलेला. काकांनी ती खिडकीवरच उघडली. सूर मुळाशी तडकला होता.

त्यांनी झाकण लावलं. मग ते आभार मानून निघून गेले.

आणि आता बारा दिवसांनी ते दुसरी डबी घेऊन उभे होते. बेटी लोणी घेऊन गेली होती. दुकानात आम्ही दोघंच.

“हा कुठून मिळाला?” मी विचारलं.

“जुळ्या बहिणीकडून.”

मला समजायला क्षणभर लागला. “रेहोबोथच्या पेटीतून? काका, येत्या रविवारी तिथली शेवटची उपासना आहे, मग कुलूप.”

“माहीत आहे, पोरी. दाराची किल्ली माझ्याचकडे आहे.”

“निदान रविवार होऊ दे. सोमवारी पाठवू.”

“सोमवारी पाठवला तर एक तारखेआधी पोचेल?”

पोचला नसता. आणि साठ लिहून आज पाठवला तरी पुन्हा अडला असता. दोघांनाही ते ठाऊक होतं. पेटीची परवानगी त्यांना होतीच, मंडळींनी ती त्यांच्याच नावाने केली होती, चॅपेल विकलं की घरी न्यायला. सूर त्यांचा होता. अडचण फॉर्मची होती.

“किंमत,” मी हळूच म्हटलं.

“एक.”

“एक काय?”

“एक पौंड. जुनं पितळ, भेट.” त्यांनी टोपी काउंटरवर ठेवली. “लिही.”

“तसं म्हटलं तर काका, भंगारवाला एक पौंडही देणार नाही—”

“मेनीर. मला किंमत माहीत आहे. तू मला सोडवू नकोस.”

मी लिहिलं. फॉर्म त्यांच्याकडे वळवला.

“सहीच्या वरची ओळ वाच.”

“तुम्ही कितीदा वाचलीय.”

“चष्मा नाही आणला.”

चष्मा त्यांच्या खिशात दिसत होता. मी वाचली: वर दिलेली माहिती खरी आहे असे मी जाहीर करतो. त्यांनी ऐकून घेतलं, पूर्ण, प्रार्थना ऐकावी तसं मान खाली घालून. मग सही केली. बसच्या आगारातल्या माणसाची मोठी, सावकाश सही. पावती घेतली नाही.

शनिवारी दुपारी दुकान बंद करता करता माझ्या फोनवर वित्स्केचा निरोप आला. मी तशीच वर काकांच्या घरी गेले. ते बूट पॉलिश करत होते.

“पोचला. काल शेजाऱ्याने बसवला. सीत्से ऐकत होते. लिहिते, ‘वाजतो.’”

“काही भरावं लागलं तिला?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि दुसरा बूट घेतला.

रविवारी रेहोबोथमध्ये आम्ही सव्वीसजण होतो. इतके कित्येक वर्षांत नव्हते. एलिस पॅरींना दोघांनी धरून व्यासपीठावर चढवलं, वय एक्याण्णव. कारभारी मंडळी मोठ्या बाकावर बसली. काका दर रविवारी पहिलं गीत वाजवून झालं की पेटीपासून उठतात आणि बाकावर आपल्या जागी जाऊन बसतात. त्या दिवशी गीत संपलं आणि ते उठले नाहीत. कारभारी ह्यू टेगिडने बाकावर आपल्या शेजारच्या जागेवर हात थोपटला. काकांनी मान हलवली, नाही.

“पेटीवर जीव,” बेटी माझ्या कानात म्हणाली. “शेवटचा दिवस ना.”

मी हो म्हटलं.

पॅरींचा आवाज आता बारीक झाला आहे. बराच वेळ ते नुसते बोलत होते, मध्येच थांबत होते, मला वाटलं आज काही शिडं भरायची नाहीत. मग कुठल्याशा शब्दावर आवाज लांबला. थोडासाच. एक पायरी. बाकांवरची माणसं पुढे झुकली. काका पाठ न टेकता त्या गोल स्टुलावर बसून ऐकत होते, हात मांडीवर. मोठ्या बाकावर त्यांची जागा तशीच मोकळी होती, गुळगुळीत झालेली, आणि पॅरी गात होते तेवढा वेळ मी तिच्याकडेच बघत होते.

शेवटचं गीत उदास चालीचं. आम्ही उभे राहिलो. सव्वीसजण होतो, पण आमच्याकडे चार आवाजांत गातात, तेव्हा छत थोडं वर गेल्यासारखं वाटतं. पहिलं कडवं फिरत फिरत खाली आलं. काकांना ती पट्टी टाळता आली असती, वरचा ‘ला’ घेऊन कुणाला न कळता भागवता आलं असतं. त्यांनी डाव्या हाताची करंगळी खालच्याच ‘ला’वर ठेवली आणि दाबली.

सूर नव्हता. त्याच्या रिकाम्या घरातून भात्याचा वारा तेवढा बाहेर आला, कुणीतरी मोठा श्वास सोडावा तसा.

पाच कडवी होती. पाचही वेळा काकांनी ती पट्टी चार मात्रा पुऱ्या होईपर्यंत दाबून धरली. पाय चालू होते.