घरपोच

फुलाने शाईचं पॅड दोन बोटांनी रक्षिताकडे परत सरकवलं.

“मी न्हाई अंगठा उठवणार,” ती म्हणाली आणि अंगणातली टोपली उचलून झटकू लागली.

रक्षिता बेळगावात समाजकार्य शिकत होती. वृद्धांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तिला दोन महिन्यांच्या इंटर्नशिपवर जोयडा तालुक्यात धाडलं होतं. सत्तरी ओलांडलेल्यांना रेशन घरपोच मिळावं, असा अर्ज तिने स्वतः लिहिला होता, मराठीत आणि कन्नडात. वाडीतल्या आठ म्हाताऱ्या माणसांपैकी सात जणांनी मुकाट अंगठे उठवले. आठवी ही फुला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, घर सगळ्यांत वर, रानाला लागून. जिला घरपोच रेशनाची सर्वांत जास्त गरज, तीच नको म्हणत होती.

“आजी, तांदूळ दारात येईल. एवढं उतरून जायला नको, चढून यायला नको.”

“व्हय. कळलं मला.”

“मग?”

“मग काय? नको.”

दुसरी कुणी असती तर चिडली असती. रक्षिताला रागापेक्षा चौकशाच फार. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळलं. बाजारकुणंग गावातल्या सोसायटीत आजच रेशन मिळायचं होतं आणि फुला तिकडेच निघाली होती.

“मी येऊ तुमच्याबरोबर?”

“ये की, बाय. वाट काय माझ्या एकटीची हाय?”

सोसायटी तासाभराच्या वाटेवर होती, पण तासाभरात त्या अर्ध्या वाटेवरही पोचल्या नाहीत. वाडीतली घरं रानात लांब लांब विखुरलेली, आणि फुला धड पायवाट सोडून प्रत्येक घराकडे वळत होती. कुंपणाशी उभी राहून हाक मारत होती.

“झिलू, ए झिलू! कार्ड घेतलंस का?”

“घेतलंय! वरडू नको,” आतून म्हातारा खेकसला.

“सावित्री, ह्या बारीला तांदूळ जाडा हाय म्हणतात, खरं काय?”

“मला काय ठावं? तूच बघून सांग.”

कशी आहेस, बरी आहेस का, असं ती कुणालाच विचारत नव्हती. उत्तर आलं तरी लगेच निघत मात्र नव्हती. क्षणभर कान देऊन उभी राहायची, मग पुढे. रक्षिताने आधी ते दम खाणं समजून सोडून दिलं. चौथ्या घराशी तिला शंका आली.

पाचव्या घरातून उत्तर आलं नाही.

“तुळजा! पिशवी कुठं हाय तुझी?”

कोंबड्या अजून खुराड्यातच होत्या. फुलाने टोपली तिथेच टाकली आणि त्याच मोडक्या गुडघ्यांनी ती रक्षिताच्या आधी दारात पोचली. आत चूल थंड होती. तुळजा कांबळं पांघरून भिंतीशी पडली होती. रक्षिताने कपाळाला हात लावला. तापाने चटका बसत होता.

“आजी, किती दिवस झाले ताप येऊन?”

तुळजाने तोंड भिंतीकडे फिरवलं. “कुटं काय? जरा पडले हुते.”

फुलाने तापाचं नावही काढलं नाही. “रेशनाचा दिस इसरलीस व्हय?” ती चुलीशी बसत म्हणाली. “मशीनला तुझाच अंगठा लागतो. माझा चालत न्हाई. ऊठ, पेज घे आधी.”

“मी काय बी इसरत न्हाई,” तुळजा फणकारली, आणि त्या फणकाऱ्यात उठून बसली. पेज पोटात गेल्यावर फुलाने झिलूच्या थोरल्या मुलाला बोलावून घेतलं आणि तुळजाला त्याच्या मोटरसायकलवरून दवाखान्यात धाडलं. जातानाही तुळजा केस बांधत बडबडत होती, की तिला रेशनाची तारीख चांगली ठाऊक होती.

पुन्हा वाटेला लागल्यावर रक्षिताला राहवेना. “तुम्ही तिला सरळच का नाही विचारलंत, बरं नाही का म्हणून?”

“इचारलं तर सांगणार हाय व्हय ती? उगाच दारात गेलं की म्हणंल, मेले का बघायला आलीस. रेशनाचं इचारलं की कुणाला राग न्हाई.” फुला थांबली. “एक दिस रेशन, एक दिस पेन्शन, मधी बाजार. आज तू रेशन घरात आणशील, उद्या पेन्शन आणशील. मग मी कुठल्या निमित्तानं जाऊ?”

 आपल्या अर्जातली सगळी नेटकी वाक्यं रक्षिताला आठवली आणि तिला त्यांची लाज वाटली. तरी एक प्रश्न उरलाच होता, आणि तो न विचारता गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“आणि तुम्हाला कोण हाक मारतं, आजी? तुमचं घर तर सगळ्यांत वर.”

“माझ्या वर कोण हाय? अस्वल!” फुला हसली. मग वाटेतल्या एका दगडावर बसून ती गुडघा चोळू लागली.

“मला कशाला हाक लागते, बाय? ज्या दिशी माझी हाक जाणार न्हाई, त्या दिशी सात घरांला कळंल की.”

शेवटी दोघी सोसायटीपाशी पोचल्या. फुला रांगेत उभी राहिली. मोबाइलला रेंज तिथेच मिळायची, म्हणून रक्षिताने तिथून संस्थेतल्या प्रशांत सरांना फोन लावला. अर्ज घेऊन तेच उद्या तालुक्याच्या कचेरीत जाणार होते.

“सर, वाडीचा अर्ज उद्या देऊ नका.”

“का? किती अंगठे राहिलेत?”

“एक.”

“एकच ना? मग अडलं कुठे?”

रक्षिताने रांगेतल्या फुलाकडे पाहिलं.

“सर, पुढच्या रेशनाच्या दिवशी तुम्हीच या,” ती म्हणाली. “सगळ्यांत वरच्या घरी या, आणि सकाळी लवकर या. खाली चालत जायचंय.”