प्रत्येक खोलीला आपलं छप्पर

शारजात, रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी शुक्रवारी सकाळी मुलांना चित्रकला शिकवायचो. २००२ सालची गोष्ट. माझी नात इरा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. युरोपातल्या एका गावात रस्ता खणताना महायुद्धातल्या ज्यू घेट्टोचे अवशेष सापडले होते. नाझींनी ज्यूंना भिंत घालून कोंडलं होतं, ती ही वस्ती. आता उरल्या होत्या गुडघाभर भिंती, गल्ल्या, दारांच्या जागा. ते जपायचे कसे आणि त्या माणसांची आठवण ठेवायची कशी, यासाठी जगभरच्या विद्यार्थ्यांकडून आराखडे मागवले होते. कॉलेजातून एकच आराखडा जाणार होता, आणि तो आपलाच जावा म्हणून इरा महिनाभर राबत होती.

बुधवारी कॉलेजातून आल्या आल्या तिने नकाशाची गुंडाळी पलंगावर टाकली.

"काय म्हणाल्या सुरैय्या मॅडम?" मी विचारलं. आराखडा निवडणाऱ्या तिच्या प्राध्यापिका त्या.

"म्हणाल्या, 'बेटा, ये शारजाह के लिए बनाया है क्या?'"

सगळ्या अवशेषांवर तिने एकच मोठं सपाट छप्पर घातलं होतं, खाली गर्द सावली. जन्म इथला. बांधायचं म्हणजे आधी ऊन अडवायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक. तिथे त्या छपरावर बर्फ साचणार होता, आणि हिवाळ्यात लोक उन्हालाच आसुसलेले असणार होते.

"मग उतार दे."

"दिला ना. एवढ्या छपराला उतार दिला की स्टेडियम होतं, आजोबा. भिंती दिसतच नाहीत. आणि छप्परच काढलं तर पाणी मुरून गोठतं, भिंती फुटतात. शनिवारी लास्ट चान्स. खलास."

"खलास शनिवारी म्हण. शुक्रवारी वर ये."

माझ्या वर्गाचा एक नियम होता. जे डोळ्यांपुढे येत नाही, ते खऱ्या मापात काढायचं. शुक्रवारी मी इराच्या हातात खडू दिला. तिने गच्चीवर गल्ली काढली, गल्लीला लागून खोल्या, प्रत्येक खोलीला दाराची मोकळी जागा.

"या एका खोलीत तीन कुटुंबं राहायची," ती म्हणाली. "मध्ये चादरी टांगून."

मुलं आत जाऊन बसली. गुडघ्याला गुडघे लागले.

"लाइक द बेडस्पेस डाउनस्टेअर्स," मरिसा म्हणाली. खालच्या मजल्यावर एकेका खोलीत कितीतरी कामगार खाटा भाड्याने घेऊन राहत.

"ते अंकल आज फिरायला गेलेत," इरा म्हणाली. "या खोल्यांतल्या लोकांना फाटकाबाहेर जाऊच देत नव्हते. एक दिवस सगळ्यांना नेलं. बहुतेक परत आलेच नाहीत."

"व्हाय?" ज्युडने विचारलं.

"ज्यू होते म्हणून."

मरिसाने पाय आणखी जवळ ओढून घेतले. मग मी म्हणालो, "यल्ला, चला, सरबत."

मुलं उठली आणि एकामागून एक दाराच्या जागेतून गल्लीत आली. घाईत अथर्वने रेघेवरून पाय टाकला, तर ज्युडने त्याची कॉलर धरली. "नॉट फ्रॉम देअर. दॅट्स देअर वॉल."

इरा खडू हातात धरून बघत राहिली.

"आजोबा, मी जागेवर छप्पर घातलं. घरांवर घालायला हवं होतं."

शनिवारी तिने मांडलेल्या आराखड्यात प्रत्येक खोलीला आपलं छोटं, उतरतं छप्पर होतं, जुन्या भिंतींना न टेकता बारीक खांबांवर उभं. गल्ल्या उघड्या, उन्हाला मोकळ्या. पाहणाऱ्याने गल्लीतून चालायचं आणि जुन्या दारानेच आत जायचं. खोल्या किती आणि केवढ्याशा, हे लांबूनच कळत होतं.

"बर्फ लोगों के सिर पर गिरेगी?" मॅडमनी विचारलं.

"नहीं मॅडम. उतार पीछे की तरफ है, गल्ली की तरफ नहीं."

मॅडमनी मॉडेलभोवती दोनदा फेरी मारली. "यही जाएगा."

तोच गेला. तोच पहिला आला, आणि गावाने तोच बांधायला घेतला. दोन वर्षांनी उद्घाटनाला इराला बोलावलं. तिथून तिचा फोन आला. एक म्हातारी बाई गल्लीत आली, दारं मोजत गेली, एका दाराशी थांबली आणि आत शिरली. लहानपणी ती त्याच खोलीत कोंडलेली होती. बराच वेळ ती वर छपराकडे बघत उभी होती, म्हणे.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, 'आमचं गळायचं.'"