दोरी दादाच्या हातात होती

मित्रांनो, मला पाहताच मुठी वळू नका. तुमचा दोष नाही म्हणा, मला बघितलं की शहाण्यासुरत्या माणसाचेही हात शिवशिवतात. मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. सध्या एका क्लबाच्या तळघरात मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी आहे. माझी शिवण उसवली आहे आणि तिच्यातून भुसा गळतो. मार खाण्यातच माझा जन्म गेला, पण रडगाणं गाण्याचा माझा स्वभाव नाही. मला सांगायचं आहे ते एका माणसाने खाल्लेल्या माराबद्दल.

एका चामड्याच्या कारागिराने मला घडवलं. जाड कातड्याला दाभणाने भोकं पाडून त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवलं आणि पोटात चिंध्या व भुसा ठासून भरला. मग त्याने मला एक सणसणीत गुद्दा मारला, स्वतःचाच हात चोळला आणि खूश होऊन हसला. ते माझं पहिलं कौतुक होतं.

मला विकत घेतलं एका मोठ्या शहरातल्या खाजगी क्लबाने. खालच्या मजल्यावर मऊ खुर्च्या आणि पत्त्यांची टेबलं होती. वरच्या मजल्यावर रिंग होती आणि तिच्या कडेला साखळीला टांगलेली मी. दिवसा एकमेकांना साहेब-साहेब करणारी माणसं संध्याकाळी इथे एकमेकांची नाकं फोडत आणि मग खाली जाऊन एकाच टेबलावर जेवत. त्यांच्यात एक दातांचा डॉक्टर होता. त्याला सगळे हातोडा म्हणत. संध्याकाळी पाडलेले दात तो सकाळी बसवून देतो, अशी त्याची थट्टा चाले.

या क्लबात नुसते पैसे भरून शिरता येत नसे. नव्या माणसासाठी एका जुन्या सभासदाने जामीन राहायचं आणि नव्याने रिंगमध्ये तीन फेऱ्या टिकायचं. जामीन राहिलेला माणूस घंटेखाली दोरी धरून बसे. आपल्या माणसाच्या जिवावर बेततंय असं वाटलं, तर दोरी ओढून लढत थांबवायची, एवढंच त्याचं काम. पण घंटा मध्येच वाजली, तर नव्याला दार बंद. शिवाय जामीन राहिलेल्याचंही सभासदत्व जाई आणि त्याची ग्लोव्हज टांगायची खुंटी सर्वांदेखत पकडीने भिंतीतून उपटत. ती हातात घेऊन जिना उतरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची मान पुन्हा वर झालेली मात्र पाहिली नाही.

दादाची खुंटी खिडकीजवळ होती. त्याची लाकडाची वखार होती. धाकटा भाऊ त्याला दादा म्हणे, म्हणून आख्खा क्लब दादा म्हणे. धाकटा वखारीत करवतीवर असायचा. नुसत्या नजरेने तो फळीची जाडी सांगायचा आणि ती बरोबर निघायची.

धाकट्याला कुठल्या तरी क्लबात जायचं होतं. त्याने दोन क्लब पाहिले होते. एकात माणसं वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेली, तो त्याने लगेच सोडला. दुसऱ्यात पोहण्याचा मोठा तलाव होता. तो त्याला मनापासून आवडला होता. मुलांनाही पोहता येईल, म्हणून त्याच्या बायकोनेही तोच धरून ठेवला होता. पण दादाला ते लागलं. सख्खा भाऊ दुसरीकडे गेला तर इथे मी तोंड कसं दाखवू, असं तो रोज म्हणू लागला. शेवटी धाकट्याने दादासाठी आमचा क्लब निवडला.

मग दोघे सरावाला येऊ लागले. दादा मला मागून मिठी मारून घट्ट धरी आणि धाकटा पुढून ठोसे मारी. त्याच्या ठोशात जोर होता, पण राग नव्हता. मला तो तेव्हाच आवडला. एकदा हात थांबवून त्याने विचारलं, "दादा, मी फारच मार खाल्ला, तर घंटा वाजवशील ना?"

"हे काय विचारणं झालं?" दादा म्हणाला. "वाजवीन की."

हे मी माझ्या कातड्याने ऐकलं आहे, मित्रांनो. दोघेही मला चिकटून उभे होते.

परीक्षेच्या दिवशी धाकट्यासमोर हातोडा उभा राहिला. पहिली फेरी धाकट्याने निभावली. दुसरीत हातोड्याला त्याची डावी बाजू उघडी सापडली आणि मग तो तिथेच मारत राहिला. डोळा सुजून बंद झाला. भुवई फाटली, रक्त गालावरून छातीवर उतरलं. सभासद बाकांवर उभे राहून ओरडत होते. तिसऱ्या फेरीत धाकटा पडला, उठला, पुन्हा पडला. गुडघ्यांवर उठताना त्याने हातोड्याकडे पाहिलं नाही. उरलेल्या एका डोळ्याने तो दादाच्या हाताकडे पाहत होता.

दादाने दोरी इतकी आवळून धरली होती की त्याची बोटं पांढरी पडली होती. जमलं असतं, तर मी त्या क्षणी साखळी तोडून मधे पडले असते. दात पाडणारा हातोडासुद्धा थांबला. "दादा, वाजव आता," तो म्हणाला.

दादाने एकदा आपल्या खुंटीकडे पाहिलं. "अजून उभा आहे तो," तो म्हणाला.

हातोड्याचा पुढचा ठोसा त्या सुजलेल्या डोळ्यावरच बसला. धाकटा रिंगच्या दोरांमधून बाहेर कोलमडला, माझ्यावर आदळला आणि मला धरून लोंबकळत राहिला. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पडला नव्हता, कारण मी होते. माझ्या पोटावरचा हा काळा डाग त्याच्या रक्ताचा आहे.

डोळा गेला. दादाच्या खुंटीशेजारी धाकट्याची नवी खुंटी ठोकली गेली. ती बरेच महिने रिकामीच होती.

मग एका दुपारी दोघे भाऊ आले. वर दुसरं कुणी नव्हतं. दादाने नेहमीसारखं मला मागून धरलं. धाकट्याने ठोसा मारला, पण एका डोळ्याला अंतर कळेना. मूठ माझ्या कडेवरून घसरली आणि दादाच्या तोंडावर बसली. दादाचा ओठ फुटला. त्याने मला सोडलं नाही. पुढचा ठोसाही तिथेच बसला, आणि त्याच्या पुढचाही. ते काही चुकून नव्हते. मधले ठोसे मला लागत होते. तेव्हाच माझी शिवण उसवली. दादा हात वर करत नव्हता. नाक फुटलं, दात पडला, तरी तो मला धरूनच उभा होता.

"मार," तो तोंडातलं रक्त गिळत म्हणाला. "मी घंटा वाजवू देणार नाही."

मग तो माझ्या अंगावरून घसरत खाली बसला. धाकट्याची मूठ उगारलेली होती. ती त्याने खाली घेतली. त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, रडण्याचा की ओरडण्याचा ते मला कळलं नाही. मग तो वळला, भिंत हाताने चाचपत घंटेपाशी गेला आणि त्याने दोरी ओढली.

ओढतच राहिला. खालची माणसं पत्ते टाकून वर धावत आली. त्यांच्यादेखत धाकट्याने खुंट्या उपटायची पकड उचलली आणि स्वतःची खुंटी उपटली. दादाने रक्ताळलेला हात पुढे केला. धाकट्याने पकड त्याच्या हातात दिली आणि खिडकीजवळच्या खुंटीपर्यंत त्याला धरून नेलं. दादाने आपलीही खुंटी उपटली. दोघे एकमेकांच्या आधाराने जिना उतरले. मान खाली होती, पण ती पायऱ्या दिसाव्यात म्हणून.

दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या त्या भोकांवर एक मोठं चित्र टांगलं गेलं आणि मला तळघरात टाकलं.

मित्रांनो, जमलं तर दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन या. माझी शिवण घाला, मला पुन्हा टांगा आणि हवं तेवढं मारा. मला दुखत नाही. माणसाला दुखतं. तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी अशी दोरी आली, तर खुंटीकडे बघू नका. खाली गुडघ्यांवर बसून जो तुमच्या हाताकडे पाहतो आहे, त्याच्याकडे बघा.