गादीवाफ्यातली मेथी

बनाबाईने वाफ्यातली मूठभर माती हातात घेऊन दाबली आणि बोटे उघडली. गोळा तसाच राहिला, फुटला नाही; ओल अजून जास्त होती. तिने तो खाली टाकला आणि लुगड्याला हात पुसले. आज पेरायचे नाही, एवढे तिचे ठरले.

थोरली लेक आम्रपाली पहिल्या बाळंतपणाला येणार होती आणि दिवस दसऱ्याच्या पुढेमागे भरत होते. बाळंतिणीला मेथी आणि शेपू घरचा, कोवळा, रोजच्या रोज मिळायला हवा. पण पाटणच्या त्या अंगाला गौरी उठल्या तरी पाऊस हटत नाही. लवकर पेरली तर मेथी वाफ्यातच कुजते, उशिरा पेरली तर बाळंतीण उठून बसते तेव्हा भाजी हाती येते. म्हणून बनाबाईने उंच गादीवाफे केले होते आणि ते एकदम न पेरता थोडे थोडे पेरायचे असा बेत धरला होता. त्या तुकड्यात तिच्या नवऱ्याला, आप्पासाहेबांना, दिवाळीच्या बाजारासाठी वाटाणा टाकायचा होता. भाजी काय, कुठेही मिळते, असे त्यांनी दोनदा म्हणून पाहिले. बनाबाईने वाद घातला नाही आणि वाफेही मोडले नाहीत.

ऊन पडले तशी तिने मेथी पेरली. पहिला वाफा टपोर पानांनी भरला, त्या आठवड्यात दुकानातल्या फोनवर जावयाचा, नागसेनचा, निरोप आला. आम्रपालीच्या पायाला सूज होती. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले होते, तेव्हा बाळंतपण सासरी, माधवनगरलाच होईल.

बनाबाईला त्यात डॉक्टर दिसला नाही, विहीणबाई दिसली. शालूबाई विधवा. मागासाठी सुताच्या कांड्या भरून तिने एकुलता एक नागसेन वाढवला होता. लग्नात ती कुणाशी धड बोललीही नव्हती.

"मी जाऊन तिला घिऊन येते," बनाबाई म्हणाली.

"आवघडल्या पोरीला यष्टीत बशीवनार?" आप्पासाहेब म्हणाले.

"जीप करीन."

आप्पासाहेबांनी मान फिरवली. दुसऱ्या दिवशी बनाबाई पहिल्या गाडीने निघाली. भाजी तिने उपटली नाही. जिच्यासाठी ती होती, तीच वाफ्याकडे येणार होती.

माधवनगरच्या त्या बोळात यंत्रमागांचा खडखडाट घराघरांतून येत होता. आम्रपाली पलंगावर पडली होती, उशीवर पाय टेकवून. आईला बघून ती उठायला गेली, तर शालूबाईने नुसता हात आडवा केला आणि ती परत टेकली. पोटऱ्यांपर्यंत सूज चढली होती. बनाबाईने घोट्यावर बोट दाबले. खळगा पडला आणि तसाच राहिला. तिने बोट काढून घेतले. लेकीने घरची, धाकट्यांची, वस्तीतली खबर विचारली. मग तिचा डोळा लागला.

शालूबाईने चहा टाकला. बनाबाई पाय धुवायला मागच्या दारी गेली. तिथे भिंतीलगत तेलाचे डबे मधोमध कापून ओळीने मांडले होते. चिमण्यांनी नासवू नये म्हणून त्यांच्यावर सुताची जाळी ताणली होती. पहिल्या दोन डब्यांत काळा चिखल होता. तिसऱ्यात मेथी उगवली होती, गर्दी करून, एकमेकांवर लवंडलेली. त्याच्या पलीकडे शेपूचे हिरवे केस नुकते वर आले होते.

शालूबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"दोनदा कुजली," ती म्हणाली. "कवा पेरायची, इचारावं कुणाला? तुमाला फोन करावा म्हनलं, तर धाडस हुईना."

बनाबाईने कप घेतला, पण प्यायली नाही. तो उंबऱ्यावर ठेवून ती डब्यापाशी बसली. जाळीची गाठ सोडून दोन बोटांनी तिने एक रोप ओढले, मग त्याच्याजवळचे, मग आणखी एक. उरलेली रोपे हळूहळू सरळ झाली.

"लय दाट हाय," ती म्हणाली. "इरळ केली म्हंजे पानाला पान सुटंल."

शालूबाई शेजारी येऊन बसली. तिनेही एक रोप उपटले, बनाबाईने मान डोलावली तेव्हा दुसरे उपटले. कांड्या भरून तिच्या अंगठ्याला घट्टे पडले होते.

"तिला न्यायला आलासा न्हवं?" शालूबाईने विचारले. नजर डब्यातच होती.

आतून लेकीचा संथ श्वास ऐकू येत होता. मागाच्या खडखडाटातही तो बनाबाईला वेगळा कळत होता.

"न्हाई," ती म्हणाली. "ती मोकळी हुईस्तवर ऱ्हावं म्हनलं. तुमची हरकत नसली तर."

शालूबाई उठली, हात झटकले, आत गेली. थोड्या वेळाने ट्रंकेतली एक जादा पांघरायची वाकळ काढून आणली आणि ती दोरीवर, उन्हात पसरली.