कातळाची वाट

शकुनचा डावा हात मोडून पाच दिवस झाले होते. मोडला तो माझ्या भाच्यानं, म्हणजे तिच्याच नवऱ्यानं, उत्तमनं. कुऱ्हाडीच्या दांड्यानं. नेम डोक्यावर होता, हात मधे आला. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून नवरे मारतात असं लोक सांगतात. आमच्याकडे मीठ बरोबर होतं.

हाडवैद्यानं बांबूच्या चार कामट्या लावून हात बांधला. उत्तम उंबऱ्यात उभा होता. म्हणाला, "दुसरा शाबूत हाय अजून." याला मीच लहानाचा मोठा केला, तो गंमत कधी करतो आणि कधी नाही, हे मला कळतं.

शकुनचा भाऊ देवीदास नरनाळा किल्ल्याच्या डोंगरापल्याड जंगलनाक्यावर शिपाई होता. उजेडात निघालं तर उजेडात पोचता येतं. मोटारीनं जावं तर अकोटचा अड्डा उत्तमच्या दोस्तांनी भरलेला. म्हणजे डोंगरच. कोणत्या वाटेनं, ते मी ठरवायचं. पानमळ्याला बांबू आणायला तीस वर्षं मीच तो चढत होते.

"पायऱ्यायची वाट सोपी हाय," चुलीपुढं मी म्हटलं, "पण तिथं तो घोड्यावर घंट्यात गाठन."

"मंग नाल्याची?"

"तिथं मुळ्या धरून चढा लागते. तुले हात एक."

"मंग काय उडू, आत्या?"

"कातळानं जाऊ. तिथं हाताचं काम नाही. निस्ते तळवे पाहिजेत."

तळवे आमच्याकडे होते. पानमळ्यात पायात काही घालून कोणी शिरत नाही. वेलीला आम्ही देव मानतो. जन्मभर अनवाणी राहून शकुनचे पाय घोरपडीसारखे झालेले. उत्तम मात्र अडत्यांच्या संगतीला लागल्यापासून नाल ठोकलेले जोडे घालायचा. एकदा तसाच मळ्यात शिरला, तर मळ्यातले म्हातारे दोन दिवस धड जेवले नाहीत.

सकाळी तो बाजाराला गेला आणि आम्ही निघालो. कातळ अर्धा चढलो तेव्हा खालून पहिला दगड आला. दुसरा शकुनच्या पाठीत बसला. ती गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा चढायला लागली. मागून उत्तम, बाजाराच्या वाटेवरूनच परत फिरलेला, हातात तोच दांडा.

"उत्तम, जोडे काढ," मी म्हटलं. खरंच काळजीनं म्हटलं.

"बायकोच्या मागं जोडे काढून धावू? गाव काय म्हणन?"

"गाव हाय कुठं इथं, बाप्पा?"

उत्तर म्हणून दांडा माझ्या गुडघ्यावर बसला. आतून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला आणि मी खाली बसले. मग त्यानं शकुनचा बांधलेला हातच धरला आणि पिळला. कामटी मोडून मांसात घुसली. रक्त कातळावर ठिबकायला लागलं. ती खाली वाकली आणि त्याच्या मनगटात दात रोवले. त्यानं तिच्या डोक्यावर, मानेवर बुक्क्या घातल्या. तिनं सोडलं नाही. शेवटी लाथ घालायला त्यानं एक पाय उचलला, आणि दुसऱ्या जोड्याचा नाल सरकला.

मनगट तिच्या दातांतून सुटलं आणि तो दहा हात घसरत गेला. कडेला एक झुडूप होतं, ते हाताला लागलं. पुढं नुसती पोकळी.

"आत्या, हात दे."

मला उभं राहता येत नव्हतं. उरला शकुनचा एक हात. तिनं तोंडावरचं रक्त पुसलं, खाली सरकली आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

"जोडे काढा," ती म्हणाली. नवऱ्याला अहोजाहो करायची तिची सवय सुटली नव्हती.

त्यानं टाचेनं टाच दाबून एक काढला. तो खाली पडताना बराच वेळ वाजला. मग त्यानं वर पाहिलं. "दुसरा तू काढ. ये खाली."

तो गंमत करत नव्हता. मला कळतं. शकुनलाही आता कळत होतं. ती जागची हलली नाही. त्यानं तिच्या पायाकडे झेप घेतली आणि झुडूप मुळासकट आलं.

थोड्या वेळानं खालच्या बांबूच्या बेटातून शिव्या ऐकू आल्या. म्हणजे जिवंत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शकुननं मोडकी कामटी उपसून फेकली, पदरानं हात आवळला. "उठता येते, आत्या?"

"तू जाय. ऊन चढून राहिलं."

ती गेली. टोकावर पोचेपर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. मग मी बसल्या बसल्या, दुखरा पाय ओढत, खाली सरकायला लागले. शिव्या देणाऱ्याला कोणीतरी पाणी पाजायला हवं होतं.