तौवूचं मागणं

आई गेल्यापासून उनाइसी सगळ्याला "हो" म्हणत होती. कसावा वाढू? हो. आंघोळ केलीस? हो, आणि केलेली नसायची. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तशी ती आत्याच्या घरात वावरत होती. अशा माणसाला गळाला लावणं फार सोपं असतं, आणि रुसिआते त्याचाच तर पगार घेत होता.

रुसिआते सुवा शहरातल्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात प्रवेश सल्लागार होता. सल्लागार म्हणायचं आपलं. त्याच्याजवळ सल्ला एकच, आमच्याकडे या. आई आजारी असताना उनाइसीने चौकशी म्हणून त्यांना आपला नंबर दिला होता आणि विसरून गेली होती. कॉलेज विसरलं नाही.

पहिल्याच फोनला त्याने गाव विचारलं.

"नासारेवा."

"अगं, मी खाडीपलीकडचा, वालिवोचा! आपण तौवू! आता सुटतेस कुठे?"

"आईला परवाच इथे सुवात पुरली आम्ही," ती म्हणाली.

"अरेरे, वाईट झालं. बरं, तू कागद कधी आणतेस?"

ज्या दोन गावांचा मूळपुरुष एकच देव, ती गावं एकमेकांची तौवू. तौवूने तौवूला तोंडाला येईल ते बोलावं, अंगणातली कोंबडी हसत हसत उचलून न्यावी, आणि मागेल ते द्यावंच लागतं. नाही म्हणायची सोय नाही. रुसिआतेने हे नातं बरोबर कामाला लावलं. रोज सकाळी फोन. "काय गं खेकडेचोरांच्या गावची! निघालीस की नाही?" आणि उनाइसी म्हणायची, हो.

आत्याने, म्हणजे नेई लितियाने, शेवटी तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"हो काय, हो? सरकारी नर्सिंग शाळेतली तुझी जागा उद्यापर्यंत पक्की करायची आहे. शिष्यवृत्ती एकाच ठिकाणी चालते. तिथे सही केलीस की इथली जागा गेली, कळतंय का?"

"तो तौवू आहे, नेई."

"तौवू कोंबडी नेतो गं बाई, पोरगी नेत नाही!"

उनाइसीला ते पटत होतं. पण पटणं आणि पाय उचलणं यांची तिच्यात फारकत झाली होती. येते म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती त्याच दिवशी कॉलेजात गेली.

रुसिआते दारातच उभा होता. त्याने तिला गार खोल्या दाखवल्या, नवे संगणक दाखवले, आणि शेवटी मोठ्या अभिमानाने एक दालन उघडलं. तिथे पलंगांवर प्लास्टिकचे पेशंट झोपलेले होते.

"यांची नाडी लागते! श्वास घेतात! मरत मात्र नाहीत," तो हसला.

"वॉर्ड कुठे आहे?"

"वॉर्डाचं बघू गं नंतर. एका दवाखान्याशी बोलणं चालू आहे. आधी सही."

उनाइसी एका बाहुलीजवळ गेली. डोक्यावर केस नव्हते, काळा रंग फासलेला होता. दवाखान्यात एका नर्सने आईचे केस धुतले होते, पलंगावरच, मानेखाली पन्हळ धरून, कानात एक थेंब न जाऊ देता. आईने डोळे मिटून घेतले होते. हे आपल्याला यायला पाहिजे, असं उनाइसीला तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर तिला काहीच वाटलं नव्हतं.

"हिचे केस कसे धुवायचे?" तिने विचारलं.

"केस? परीक्षेत नाही येत ते!" त्याने पेन तिच्या हातात दिलं. "चल, कर सही. तौवूला नाही म्हणत नाहीत."

"मी नाही म्हणतच नाहीये. मीही तौवू आहे. मी मागतेय."

"माग की! कॉलेजची टोपी देऊ?"

"आईच्या मयताला तुमच्या गावचं कुणी आलं नाही."

रुसिआतेचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मयताला तौवू येतात ते गळा काढायला नव्हे. मेलेल्याची टर उडवायला, चटईवर बसलेल्या बायकांना रडता रडता हसवायला. ते काम दुसऱ्या कुणाचं नाही.

"गाव लांब, बोट नव्हती, ते कळतं मला. पण पहिल्याच फोनला मी तुला सांगितलं होतं. तू इथेच होतास, तरी घरी आला नाहीस," उनाइसी म्हणाली. आवाज चढला नाही, तिच्याकडे तेवढं बळही नव्हतं. "आईला कुणी हसलंच नाही. तिची थट्टा कर आधी. मग सही करते."

त्याने बाहुलीच्या पायावरची चादर उगीच सरळ केली.

"कशी होती ती?" त्याने हळूच विचारलं.

"मोठ्याने हसायची. आणि खेकडे खरंच चोरायची, तुमच्याच सापळ्यांतले."

रुसिआतेने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खिशात ठेवलं. "जा तू. तुझं नाव मी यादीतून काढतो. आमची कॉलेजची प्रमुख बाई बोंबलेल, बोंबलू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेईबरोबर सरकारी शाळेच्या रांगेत उभी होती. नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"उचलू नकोस मेल्याचा," नेई म्हणाली.

उनाइसीने उचलला.

"तौवू," रुसिआते म्हणाला, "गावी फोन केला होता. सगळे म्हणतात, बाई गेली ते बरं झालं, आता आमच्या सापळ्यांत खेकडे राहतील. फक्त देवाला निरोप दे, म्हणावं तुझे सापळे कुलपात ठेव. ही काय सुधारायची नाही."

आणि त्याने फोन ठेवला. सहीचं नाव नाही, कॉलेजचं नाव नाही.

उनाइसी हसली. इतकी मोठ्याने, की अख्खी रांग मागे वळली आणि नेईने छातीवर हात ठेवला, कारण ते हसणं अगदी तिच्या भावजयीचं होतं. मग ती नेईच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली.

खिडकीतल्या बाईने तिचं नाव पुकारलं. "काय गं, बरी आहेस ना? जागा पक्की करायची आहे का?"

उनाइसीने नाक पुसलं.

"हो," ती म्हणाली.